ढेपेचं दार

आमच्या गडमुडशिंगीच्या मिस्त्रीला कागद चालत न्हाय. खिळ्यानं मातीत रेघा ओढतो, आणि कुणी शंका काढली की एकच म्हणतो, "बसून बघा की!"

सून कंपनीचं काम घरातनं करते, पण घरात तिला घडीभर कुणी निवांत बसू देत न्हाय. म्हणून बागेत हापिस बांधायला मी त्याला बोलावलं. त्यानं तिला चिक्कूखाली पालथ्या बादलीवर बसवलं आणि तिची नजर पोचली तिथं खिडकीची खूण केली. मग गुळाच्या ढेपेसारखी गोल, पिवळी खोली उभी केली. भावकी हसली, "सुनेला ढेपेत कोंडली काय रं?"

हसू देत. माझं भांडण दाराशी होतं. ते माझ्या खांद्याएवढंच.

"माप चुकलं तुझं. उंच कर."

"चुकलं न्हाय, आबा. ती फोनवर असली तरी तुम्ही हाका मारत घुसता. आता वाकताना जरा दम धराल."

"मी कुणापुढं वाकलो न्हाय अजून!"

"मग भायेरच बसून बघा की!" म्हणाला, आणि थापी धुवायला लागला.

दोन दिवस मी आत गेलो न्हाय. तिसऱ्या दिवशी वाकलो.

काल चुलतभाऊ आला, "सूनबाई, च्या टाक!" म्हणत थेट ढेपेकडं निघाला. मी दारात आडवा उभा राहिलो.

"च्या मी टाकतो. आत जायचं असंल तर आधी वाक."