फिशपाँडची चिठ्ठी

आमच्या सिन्नरच्या कारखान्यात बायका कमी, आणि तोंडाळ बायका त्याहून कमी. म्हणून तक्रार समितीत माझी वर्णी लागली. त्या दिवशी तक्रार होती सटाण्याकडच्या एका बाईंची. बारा वर्षं त्या तयार भाग तपासतात, आणि केसाएवढी चीरही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. तरी लाइनप्रमुख म्हणून नेमलं कालच्या पोरीला. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "परदेशी पाहुणे येतात, तिथे काकूबाई उभी करू का?"

"ही काय शिवी आहे?" एचआरचे साहेब वैतागले. "माझी आईसुद्धा काकूबाईच आहे."

"तिला तोंडावर म्हणता का?" बाहेरून आलेल्या वकीलबाईंनी विचारलं. साहेबांनी चहाचा कप पुढे ओढला.

एरवी मी हसले असते. त्या दिवशी मान खाली घालून लिहीत राहिले.

"हा शब्द तुम्हाला कधीपासून चिकटला?" वकीलबाईंनी तक्रारदार बाईंना विचारलं.

"दोन वर्षं झाली, मॅडम. गॅदरिंगच्या फिशपाँडपासून."

गॅदरिंगला आमच्याकडे कुणीही कुणावरही दोन ओळी लिहून, नाव न घालता डब्यात टाकतं. त्या माइकवर वाचतात आणि चिठ्ठी ज्याची त्याला देतात. बाईंनी ती जपून ठेवली होती. त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि साहेबांनी मोठ्यानं वाचली:

"केसाला तेल, पदराला पिन,
काकूबाई आल्या, थांबवा मशीन!"

साहेबांना हसू फुटलं, मग त्यांनी ते गिळलं.

त्या ओळी माझ्या. खरं सांगते, तेव्हा मला त्यांचा केवढा तोरा होता! लोकांनी हॉल डोक्यावर घेतला होता. बाई स्वतःही पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. घरी नवरा म्हणाला, "लागलं असेल गं त्यांना," तर मी त्याच्यावरच खेकसले. काकूबाई म्हणजे साधी बाई, त्यात लागण्यासारखं काय? पण मला कुणी तसं म्हटलं असतं तर मी त्याची खैर ठेवली नसती, हेही मला पक्कं ठाऊक होतं.

"कुणी लिहिली ही?" वकीलबाईंनी विचारलं.

"फिशपाँडला नाव नसतं, मॅडम." बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

वकीलबाई माझ्याकडे वळल्या. "लिहून घ्या. 'काकूबाई' हा शब्द अपमानकारक आहे का, हा मुद्दा."

इतिवृत्त मीच लिहिते. मी पेन टेकवलं, 'काकूबाई' लिहिलं आणि थांबले. शेजारीच चिठ्ठी पडली होती. दर शनिवारी पाळ्यांचा तक्ता मी फळ्यावर लिहिते, माझं अक्षर अख्खा कारखाना ओळखतो. आणि समोर बसली होती केसाएवढी चीर पकडणारी बाई.

"अपमानकारक आहे," मी म्हणाले. "ही चिठ्ठी मी लिहिली होती."

साहेबांनी ओठाशी नेलेला कप खाली ठेवला.

"माहीत हाय," बाई म्हणाल्या. "त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तुम्ही समितीत हायत. म्हटलं, आपणहून सांगतील."

वकीलबाईंनी माझ्यापुढचे कागद ओढून घेतले. या तक्रारीत आता मला बसता येणार नव्हतं. उठताना मी माफी मागितली. मनापासून मागितली. बाईंनी चिठ्ठी उचलली, तिच्या नीट चार घड्या घातल्या आणि पिशवीत ठेवली.

"माफी ऱ्हाऊ द्या, मॅडम. निकाल लागायचाय अजून."