साहेब, चालत चला

माणसांच्या खांद्यावर बसून तुम्ही कधी स्वातंत्र्याचं भाषण पाठ केलंय का?

मी ते पाठांतर ऐकलंय. खालून. साहेबांचा बूट माझ्या कानाला घासत होता आणि वर ते घोकत होते की, कोणताही माणूस दुसऱ्याचं ओझं वाहायला जन्माला येत नाही.

सव्वीस जानेवारीची सकाळ होती. मोलगीच्या पुढे जीप चढेना, नाल्यापाशीच थांबली. शिपाई आमच्या पाड्यावर आला आणि चार माणसं घेऊन गेला. विचारलं नाही. मजुरीचं नाव नाही. माझा आजा गोऱ्या साहेबांसाठी असाच जायचा. आता साहेब आपले होते, एवढाच फरक. खुर्चीला दोन बांबू बांधले, साहेब बसले, आम्ही उचललं. पुढे मी आणि माझा चुलता. मागे माझा बा आणि शेजारचा एक जण. वर डोंगरातल्या शाळेत झेंडा फडकायचा होता आणि साहेब बोलणार होते.

डोली वाहताना पुढच्याला बोलत राहावं लागतं. मागच्यांना खुर्चीमुळे वाट दिसत नाही. पुढचा सांगतो, दगड आहे, खड्डा आहे, डावीकडे घ्या. मागचे त्या आवाजावर पाय टाकतात. त्या दिवशी तो आवाज माझा होता. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मला भीती वाटत होती.

भीती कमरेच्या फडक्यातल्या कागदांची होती. बाजारात मीठ घेतलं तेव्हा ते या कागदांत बांधून मिळालं होतं. कुठल्या तरी पुस्तिकेची तीन पानं. सुरुवात नाही, शेवट नाही. म्हसावदला राहून मी सातवीपर्यंत शिकलो होतो, म्हणून वाचता आलं. समुद्रापलीकडच्या वसाहतींविषयी होतं. कुणी तरी एका खोलीत बसून लिहिलं की, राज्य करण्याचा हक्क आभाळातून पडत नाही. ज्यांच्यावर राज्य चालतं त्यांच्या होकारातून तो येतो. होकार नसेल तर ती नुसती जबरदस्ती. ते लिखाण जहाजांतून लांब गेलं. लोकांनी लपून वाचलं, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवलं. आणि एक दिवस त्यांनी राजाला विचारलं, तुला हा हक्क कोणी दिला?

पान तिथंच फाटलं होतं. पुढे काय झालं ते मला कळलं नाही. बाजारातल्या दुकानात रेडिओ होता. आफ्रिकेतला आणखी एक देश सुटला, असं तो मधूनमधून सांगायचा. मग मी ती पानं पुन्हा काढायचो. वसाहत म्हणजे काय, हे मी शाळेत मास्तरांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, जिथं मालक बाहेरून येतो, तो ठरवतो आणि तिथले लोक वाहतात. तेव्हा मी मान डोलावली होती. पाड्यावर परत आल्यावर तेच समोर दिसलं आणि मला झोप लागेना.

तर साहेब वर घोकत होते. “विचारांची ताकद तोफांपेक्षा मोठी असते.” मी दचकलो. माझ्या कमरेला जे होतं तेच त्यांच्या हातात होतं! ऐकता ऐकता मी बोलायचा थांबलो.

मागून बाची किंकाळी ऐकू आली. पाय दगडावर आपटला होता, अंगठ्याचं नख उचकटलं होतं. खुर्ची कलली. साहेबांचे कागद उडाले. त्यांनी पायानंच माझ्या कानावर मारलं. कान बधिर झाला.

“नीट चाल. बैल तरी बरा.”

शिपाई खालच्या मुलखातला. तो हसला. “काय रे, झोपी ऱ्हायना का? साहेब पडी जातीन ना!”

आम्ही डोली टेकवली. बा रक्ताच्या पायानं पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, “चुकलं, मायबाप.”

चूक माझी. रक्त त्याचं. आणि माफी तोच मागत होता.

मी कागद गोळा केले. घाबरल्यावर हात आपोआप काम करतात. मी पानांचे आकडे बघून ती ओळीनं लावली. शिपायानं ते पाहिलं. “हाई दखा साहेब, जंगली माणूस वाची ऱ्हायना!”

साहेबांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. “वाचता येतं तुला? अरे वा. मग अभिमान वाटू दे. आज तुझ्या खांद्यावर स्वातंत्र्य बसलंय.” स्वतःच हसले. खुर्चीत नीट बसले. “हं, उचला.”

तिघे वाकले. मी वाकलो नाही.

हे धाडस नव्हतं, खोटं लिहिणार नाही. मला भीती वाटतच होती. डोक्यात फक्त ती फाटलेली ओळ होती. हक्क कोणी दिला? मी शोधलं. कुणी नाही. आम्ही दिला होता, रोज वाकून.

“साहेब, चालत चला,” मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की, मला वाटलं कुणाला ऐकूच गेला नाही.

ऐकू गेला होता. शिपाई माझ्या अंगावर आला. “तुन्हा बापनं वावर जंगलमा शे, माहीत शे ना? उद्या ऱ्हाई का ते?”

त्या वावरावर आमचं घर जगत होतं. बानं झाडांची खोडं उपटून ते केलं होतं. जमिनीचा सरकारी कागद नव्हता. बा आमच्या बोलीत म्हणाला, “उचल, पोरा. पाया पडतो तुझ्या.” बाप माझ्या पाया पडायला निघाला होता. मी तरीही वाकलो नाही. ती भीती अजून गेलेली नाही.

साहेबांनी शिपायाला माझ्या जागी लावलं. डोली उठली. शिपायाला काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. त्याला स्वतःचेच पाय सावरेनात. चौथ्या पावलाला बाचा तोच पाय पुन्हा दगडावर गेला. डोली खाली आली.

“उचला!” साहेब ओरडले.

बा उभा राहिला. हात पुन्हा जोडले. म्हणाला, “मला पुढचं दिसत नाही, साहेब.”

एवढंच. पण तो वाकला नाही. मग चुलताही बांबूपासून बाजूला झाला. शेजाऱ्यानं खाली मान घातली आणि तशीच ठेवली.

साहेब चालत गेले. बुटांत खडे जात होते, ते थांबून काढत होते. खुर्ची वाटेतच राहिली. वर शाळेत त्यांनी भाषण केलं, एक शब्दही न गाळता. माणूस ओझं वाहायला जन्माला येत नाही, हेही म्हणाले. आम्ही मागे उभे होतो. तिथल्या पाड्यावरच्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण शिपायानं हात वर केला होता.

पावसाच्या तोंडावर आमच्या वावरात खुंट ठोकले गेले. जंगलाची हद्द, म्हणे. बा ते बघत बांधावर बसून राहिला. चार महिने तो माझ्याशी बोलला नाही. बोलला तेव्हा म्हणाला, “तो कागद तू मिठासकट फेकून द्यायला हवा होतास.”

त्याचं खोटं नाही. कागदानं मला जमीन दिली नाही, होती तीही नेली. जीपचा आवाज आला की, माझा तो कान आजही तापतो. पुढच्या वेळी ते पोलीस घेऊन येतील, हेही मला माहीत आहे. मी घाबरतो. येणारच असतील तर येऊ देत. मी उचलणार नाही. माझ्या आवाजावर कुणाचा बाप आंधळेपणानं पाय टाकणार नाही.

माझं तुमच्याकडे एक काम आहे. हा मजकूर वाचून झाला की, जपून ठेवू नका. ओळखीच्या दुकानदाराला द्या. त्याला सांगा, डोंगरातल्या बाजाराला जाशील तेव्हा मीठ याच कागदात बांध.