भुऱ्याच्या खाऊचं जाहीर पत्रक

आमच्या घराण्याने आजवर जेवढी पत्रकं काढली, त्यांतलं एकच यशस्वी झालं. ते कुत्र्याच्या खाऊविषयी होतं.

घराणं म्हणजे बाबूजी आणि मी. देवरीत धानाची शेती आणि अन्यायाचा बंदोबस्त, असे आमचे दोन व्यवसाय. (पहिल्यात थोडंफार पीक येतं.) बाकीची मुलं 'कमळ, बदक' गिरवत होती, तेव्हा मी 'जाहीर धिक्कार' जोडाक्षरासकट लिहायचे. बसस्टँडच्या संडासापासून तेंदूपानाच्या मजुरीपर्यंत आम्ही कशावर पत्रकं काढली नाहीत! लोक ती आनंदाने घ्यायचे, आणि संध्याकाळी त्यांतच बांधलेली भजी आमच्या घरी यायची.

भुऱ्या हा आमचा कुत्रा. दिसायला गावठी, वागायला जावई. सकाळी गल्लीत दारोदारी चहा सुरू झाला की हा फेरीला निघायचा. दर दारात बिस्कीट. एक दिवस त्याला आमच्या ओट्याची पायरीच चढवेना. मागचे पाय थरथरायला लागले. मी घाबरून त्याला गुरांच्या दवाखान्यात नेलं.

"वजन करून आणा," डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यात बैल आडवा करायची सोय होती, पण कुत्रा तोलायचा काटा नव्हता. म्हणून भुऱ्याला धानाच्या काट्यावर बसवलं. काटेवाला ओल्या धानाचं वजन कमी धरायच्या सवयीने म्हणाला, "ताई, ओलाव्याची कटती कापू का?"

कापूनही वजन जास्तच भरलं! डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "असंच चाललं तर याचे पाय जातील. बिस्किटं बंद. खाऊ द्यायचाच असेल तर चांगला द्या."

आता 'चांगला' म्हणजे काय, हा तत्त्वाचा प्रश्न झाला. मी बस पकडून थेट गोंदियाला गेले. तिथल्या दुकानदाराने माझ्यासमोर कुत्र्यांच्या खाऊची रंगीबेरंगी पाकिटं मांडली. मी त्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचली. साखर! मीठ! रंग!

"हा मुक्या प्राण्यांच्या आरोग्याशी चाललेला खेळ आहे!" मी म्हणाले.

"मॅडम, लेना है कि भाषण देना है?"

मी भाषण दिलं आणि रिकाम्या हाताने परत आले. घरी माय भुऱ्याला चहात बुडवून बिस्कीट भरवत होती.

"माय! डॉक्टरनं काय सांगतलं?"

"अवं, अर्धंच होय."

"अर्धं काऊन?"

"अर्धं मघा देल्लं."

त्याच दुपारी मी पत्रक लिहायला बसले. मथळा होता, 'भुऱ्याच्या पायांवरील हल्ला हाणून पाडा!' साखर-मैद्याची बिस्किटं, कांदा, लसूण, चॉकलेट आणि द्राक्षं यांवर संपूर्ण बहिष्कार. गाजर, उकडलेलं रताळं, कोहळं आणि बिनमिठाचं अंडं यांचा विजय असो! बाबूजींनी ते चष्मा लावून वाचलं, दोन उद्गारचिन्हं वाढवली आणि म्हणाले, "जमलं." (हा आमच्या घरातला सर्वोच्च पुरस्कार आहे.)

पत्रक गल्लीत वाटलं, आणि घडू नये ते घडलं. लोकांनी ते वाचलं!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सुमनकाकीने मला हाक मारली. "बाई, आमच्या इथं बिस्कीट एकदम बंद. आज अंडं देल्लं त्याले."

"आमी रताळं देल्लं," समोरच्या ओट्यावरून आवाज आला. "आपल्याले नाही उकडलं, त्याच्यासाठी उकडलं!"

सगळ्या गल्लीला उकडलेल्या कोहळ्याचा वास येऊ लागला. मला तो जनजागृतीचा वास वाटला. माझा ऊर भरून आला. भुऱ्याचं पोट भरून येत होतं, तिकडे माझं लक्ष नव्हतं.

अशात तान्हा पोळा आला. त्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे मिळतात. माझ्या भाचीच्या बैलाचं चाक नेमकं त्याच दिवशी मोडलं. तिने भुऱ्याच्या डोक्याला बेगडाची शिंगं बांधली, पाठीवर मायच्या जुन्या लुगड्याची झूल टाकली आणि फेरीला निघाली. पोरीला पैसे मिळाले आणि बैलाला पत्रकाप्रमाणे बोजारा! दर घरी! संध्याकाळी भुऱ्या परतला तेव्हा झुलीची गाठ सुटली होती आणि एक शिंग त्याने खाल्लं होतं. पायरी चढायचा त्याने विचारसुद्धा केला नाही. तो खालीच आडवा झाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

सकाळी पुन्हा धानाचा काटा. या वेळी काटेवाल्याने कटतीचं नाव काढलं नाही. "ताई," तो म्हणाला, "याले दोन पोत्यांत भरा."

डॉक्टर भडकले. "बिस्किटं बंद नाही केली ना?"

"एकाही घरात बिस्कीट नाही!" मी पिशवीतून पत्रक काढून टेबलावर ठेवलं. (पिशवीत पत्रक कायम असतं.)

त्यांनी ते शांतपणे वाचलं. "बरोबर लिहिलंय सगळं. पण किती द्यायचं, ते कुठं आहे?"

मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. 'संपूर्ण', 'तत्काळ', 'विनाअट' हे शब्द आम्हाला तोंडपाठ, पण 'किती' हा शब्द आमच्या घराण्याच्या एकाही पत्रकात आजवर आलेला नव्हता!

"नखाएवढा तुकडा," डॉक्टर म्हणाले. "तोही एकाच घरी. आणि चालवा त्याला."

मी लगेच दुसरं पत्रक लिहिलं. बाबूजींनी वाचून बाजूला ठेवलं. "'नखाएवढ्या तुकड्याचा विजय असो'? असं आंदोलन नाही होत, पोरी."

मग मी सकाळ-संध्याकाळ दारोदार फिरू लागले.

"काकी, माझ्या पत्रकाचं ऐकू नका."

"कायले? तूच तर लिहिलं ना?"

"मीच लिहिलं. म्हणूनच सांगून राहिली. ऐकू नका!"

काही दारांत मला वाद घालावा लागला, काही दारांत हात जोडावे लागले. भुऱ्या आशेने माझ्यामागे चालायचा आणि प्रत्येक दारातून उपाशी परतायचा. ह्या पदयात्रेने गल्लीचं मतपरिवर्तन किती झालं माहीत नाही, पण भुऱ्याचं पोट उतरलं. धान कापणीला आलं तेव्हा तो एका सकाळी आपणहून पायरी चढून ओट्यावर येऊन बसला. मायने त्याला नखाएवढं गाजर दिलं. (मायचं नख जरा मोठं आहे.)

मागच्या आठवड्यात मी गल्लीतल्या तुंबलेल्या गटारावर एक जळजळीत पत्रक काढलं. सुमनकाकीने ते हातातसुद्धा घेतलं नाही.

"काऊन काकी?"

"तूच तर हात जोडून सांगतलं ना बाई, माझ्या पत्रकाचं ऐकू नका!"

म्हणजे गल्लीने माझं दुसऱ्यांदाही ऐकलं होतं. गटार अजून तसंच आहे. भुऱ्या ते हल्ली एका उडीत पार करतो. मी वळसा घालून जाते.