गुडघे लांब कर

पुण्यातल्या दुकानात झाडावर चढायचे, पायांना बांधायचे लोखंडी काटे निवडत होतो. नव्या चामडी पट्ट्यांचा वास आला आणि मी भाट्याच्या किनाऱ्यावरच्या वाळक्या सुरूच्या झाडावर जाऊन पोचलो.

तेव्हा शाळा नुकतीच सोडली होती. अर्ध्यावर चढलो आणि एक काटा निसटला. घाबरून खोडाला मिठी मारली, तर दुसराही सुटू लागला. झाडतोडीचं काम शिकवणारे बाबूकाका खालून ओरडले, "मेल्या, झाड काय तुझी आई आहे बिलगायला? गुडघे लांब कर, काटा रुतेल!"

डोळे मिटून गुडघे खोडापासून लांब केले. काटे रुतले.

दुकानदार टोकांची धार दाखवत होता. मी काटे बांधून गुडघा मोकळा हलतो का, तेवढंच पाहिलं. चढताना भीती अजून वाटते. गुडघे मात्र काकांचं ऐकतात.