फिजीचं मत, हाउन्सलोचा पत्ता

लंडनच्या हाउन्सलोत एका दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. विमानं इतक्या खालून जायची की बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येच थांबायचा आणि आवाज गेला की तिथूनच पुढे सुरू करायचा. आई एअरपोर्टजवळच्या किचनमध्ये विमानातले ट्रे धुवायची, बाबा वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करायचे. थंडीत एकच खोली गरम ठेवणं परवडायचं. दिवसा बाबा तिथेच झोपायचे आणि शाळेतून आल्यावर मी तिथेच अभ्यास करायचे, त्यामुळे पाठांतर ओठ न हलवता करायला शिकले. याची मला तेव्हा लाज नव्हती, आजही नाही. त्याच खोलीतून मी युनिव्हर्सिटीत गेले. आईकडच्या आणि बाबांकडच्या, दोन्ही घरांत मिळून पदवी घेतलेली मी पहिली.

बाबा सांगलीकडचे, आई फिजीची. तिच्या पूर्वजांना उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून तिकडे नेलं होतं. मराठी ती लग्नानंतर शिकली, म्हणून अजूनही ‘माझं मत’ न म्हणता ‘माझा मत’ म्हणते. आम्हाला चालतं.

आयुष्यातलं पहिलं मत तिने फिजीतच दिलं. तिने निवडलेलं सरकार जेमतेम वर्षभर टिकलं. मग बंदूकधारी संसदेत घुसले, मंत्र्यांना ओलीस धरलं, आईच्या गावात भारतीय वंशाच्या लोकांची घरं लुटली गेली. माझ्या मामाने तिला लंडनला माझ्या मावशीकडे पाठवून दिलं. “लोकांनी मतं देऊन पाडलं असतं तर मी गप्प बसले असते,” आई म्हणायची. “बंदुकीने पाडलं. माझा मत कोणी वापस दिला नाही.”

इथे तिची बाबांशी गाठ पडली, लग्न झालं. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि बाबांनी अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहिलं. ते नाव आत्याने निवडलं होतं. आईचं जन्माचं नाव आत्याच्या तोंडात बसत नव्हतं म्हणे. त्या दिवसापासून आमच्या घरात ते कोणीही उच्चारलं नाही. मीसुद्धा नाही.

मधल्या निवडणुका अशाच गेल्या. कधी मी तान्ही, कधी तिची डबल शिफ्ट. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना फिजीची मतदार नोंदणी लंडनमध्ये झाली आणि आई सुट्टी टाकून गेली. फिजीला दुहेरी नागरिकत्व चालतं, त्यामुळे ब्रिटिश पासपोर्ट असूनही तिचं मत शाबूत होतं. त्याच सुमारास तिकडे कायदा आला होता की मतदार कार्डावर जन्मदाखल्यावरचंच नाव लागेल. लग्नानंतर नाव बदललेल्या तिकडच्या बायका भयंकर चिडल्या होत्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. बाईने कुठलं नाव लावायचं हे सरकारने का सांगावं? आई फोटोचं कार्ड घेऊन घरी आली.

“आधी सासरने सांगितलं, आता सरकारने,” ती म्हणाली. “मला विचारलं कोणी? पण मत तर मी देणार.”

रविवारी इल्फर्डहून आत्या आली. कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

“अगं, वीस वर्षं इथे काढलीस. त्या बेटावर कोण निवडून आलं म्हणून तुझ्या नळाला पाणी कमी येणारे का?”

“ताई, तुम्ही सांगलीच्या आमदारावर रोज फोनवर तासभर भांडता. तुमच्या नळाला किती येतं?”

आत्याने चहाचा कप खाली ठेवला. “आणि हे नाव? आता काय आम्ही दोन नावांनी हाक मारायची?”

“तुम्ही मारू नका. मतपत्रिका घरी येईल त्या नावाने, तेवढं बस झालं.”

कुरियरने मतपत्रिका आलीसुद्धा. रात्रपाळी करून बाबा नुकतेच झोपले होते. बेल वाजली, ते डोळे चोळत खाली गेले. कुरियरवाल्याने पाकिटावरचं नाव वाचलं आणि बाबांनी सांगितलं, इथे अशी कोणी राहत नाही.

संध्याकाळी आईने पाकीट कुठवर आलं ते फोनवर पाहिलं. त्या नावाची व्यक्ती या पत्त्यावर नाही, पाकीट डेपोत परत.

“अहो, आज कुरियर आला होता?”

“आला होता. चुकून आपल्याकडे. कुठलंतरी भलतंच नाव होतं.”

आईने फोन त्यांच्यापुढे धरला. बाबांना कळायला एक अख्खं विमान जावं लागलं.

मतदान संपायच्या आत मत नोंदवून पाकीट फिजीत, सुव्याला पोचायला हवं होतं. सकाळी आम्ही तिघं कुरियरच्या डेपोवर गेलो. काउंटरवरच्या मुलीने आईचा ब्रिटिश पासपोर्ट पाहिला आणि मान हलवली. नाव जुळत नव्हतं. आईने मतदार कार्ड पुढे केलं.

“हे आमच्याकडे चालत नाही,” मुलगी म्हणाली. “शिवाय घरच्यांनीच सांगितलंय, इथे अशी कोणी नाही.”

मी पुढे होऊन कायदा सांगायला लागले. आईने मला कोपराने बाजूला सारलं. जन्मदाखला, लग्नाचा दाखला, कार्ड आणि पासपोर्ट तिने एकाखाली एक मांडले. “हे जन्माचं नाव. इथे लग्न. हे नवं नाव. चेहरा एकच. पाकीट मिळेपर्यंत मी इथून हलणार नाही. मॅनेजरला बोलवा, नाहीतर मला खुर्ची द्या.”

मॅनेजर आला. मागची रांग कुरकुरायला लागली. बाबा पुढे झाले.

“नाही म्हणून सांगणारा मी,” ते म्हणाले. “चूक माझी. ही माझी बायको आहे.” आणि त्यांनी तिचं जन्माचं नाव घेतलं. नीट, पूर्ण.

आई म्हणाली, “ऐकलंत? आता द्या.”

मॅनेजरने कागद पुन्हा एकदा पाहिले, सही घेतली आणि पाकीट दिलं.

गाडीत बसल्यावर आईने ते फोडलं. फिजीच्या मतपत्रिकेवर ना उमेदवाराचं नाव असतं, ना आपल्याकडच्यासारखं चिन्ह, नुसते आकडे. कुठला आकडा कोणाचा ते सांगणारी पुस्तिका सोबत असते. बाबा वाकून बघायला लागले.

“काय बघता? उतरा खाली. गुप्त मतदान आहे.”

“अगं, बाहेर पाऊस आहे.”

“असू दे. तू पण उतर गं.”

आम्ही दोघं डेपोच्या पार्किंगमध्ये भिजत उभे राहिलो. बाबांनी कोणाला देतेय म्हणून काचेतून खूण करून विचारलं, तर आईने पुस्तिका काचेवर आडवी धरली. काम झाल्यावर तिने पाकीट बंद केलं आणि स्वतःच काउंटरवर नेऊन दिलं. बाबा नेतो म्हणाले होते. तिने दिलं नाही.

हे कळल्यावर आत्या महिनाभर आईशी बोलली नाही. आईने त्यासाठी काही केलं नाही.

मतदान संपायच्या आत पाकीट सुव्याला पोचलं. फिजीच्या सार्वत्रिक निवडणुकीत माझ्या आईने स्वतःच्या जन्माच्या नावाने मत दिलं आणि ते मोजणीत गेलं.