शेवटचा कोपरा

आपल्याला खूप काही सुचतं, असं मी एकदा मानून बसले होते. नुसतं मानलं असतं तरी चाललं असतं. मी त्या भरात बरी चाललेली नोकरी सोडली.

गोंदियातल्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशनची अवजारं निर्जंतुक करायचं काम माझ्याकडे होतं. धुवायची, पुसायची, हिरव्या कापडात बांधायची, वाफेच्या मशीनमध्ये ठेवायची. गाठोड्यावर चिकटवलेल्या पट्टीच्या रेषा वाफेनं काळ्या झाल्या की झालं. रोज तेच, त्याच क्रमानं. डोकं चालवायची सक्त मनाई! याहून सुखाची जागा मला माहीत नव्हती. परवा नातीच्या शाळेत म्हणे सांगितलं, हिच्याकडे कल्पकता नाही. मी म्हटलं, बरं झालं. रक्त तपासणारे, रेल्वेचा सिग्नल सांभाळणारे, राइस मिलमध्ये धान उकडणारे, सगळे आपल्याच पठडीतले. फक्त कोणी कौतुक करायला लागलं तर सावध राहा.

माझं कौतुक धाकट्या जावेनं केलं. ती पलीकडच्या मोहल्ल्यात राहायची. नणंदेच्या मुलीच्या लग्नात मी रुखवतासाठी रंगीत तांदळाचे दोन हंस केले होते, ते आठवून आठवून मान डोलवायची.

"बाई, तुमच्या हातात कला हाय. कायले त्या वाफेत सडून राहिल्या? रुखवताच्या ऑर्डरी घ्या."

मग हळूच, "ते कापड कसं बांधता, दाखवा ना."

मी शहाणी! घरातली सांडशी रुमालात बांधून दाखवली. तिच्याकडून दोनदा करवून घेतली. वर म्हटलं, "तुह्या हाताले सफाई हाय वो."

राजीनामा दिला. पहिल्या ऑर्डरीत हंस केले. दुसऱ्या ऑर्डरीतही हंस. तिसऱ्या वेळी फार विचार करून तलाव केला आणि त्यात, दुसरं काय, तेच हंस सोडले.

नवरीची आई म्हणाली, "बाई, ये तो हमारी जेठानी के यहाँ भी थे. कुछ नया सोचो ना."

मी सोचत बसले. अजून काही सुचलेलं नाही.

ऑर्डरी आटल्या, तेव्हा लाज गिळून दवाखान्यात गेले, जागा परत मिळते का बघायला. दार ढकललं. माझ्या स्टुलावर, माझा एप्रन घालून, जाऊ बसलेली. मला तिनं शिलाईच्या क्लासला जाते म्हणून सांगितलं होतं. मी तिला माझी चांगली कात्रीसुद्धा देऊन टाकली होती.

टेबलावर हिरव्या कापडाचे तीन कोपरे दुमडलेले, चौथा तिच्या बोटांत.

"काऊन केलंस वो असं?"

ती खाली मान घालेल, रडेल, निदान उठून उभी तरी राहील, असं मला वाटलं. पुन्हा तीच माझी कल्पनाशक्ती! ती बसल्या जागेवरून म्हणाली,

"बाई, मलेबी तुमच्यासारखंच काही नवीन सुचत नाही. आता आल्याच, तं शेवटचा कोपरा आत खोसाचा का टोक बाहेर ठेवाचं, तेवढं सांगून जा."