सकाळच्या एसटीत बसायची पाळी

नवी गाडी घेऊन पहिल्यांदा गावी गेलो, तेव्हा आईला रत्नागिरीभर मिरवून आणायचं हे मी पक्कं ठरवलं होतं. आमचं गाव आरे-वारेच्या पुढे, उंच सड्याच्या कातळमाळावरच्या मोजक्या घरांचं. शहरात जायला सकाळची एकच एसटी. आई पंच्याहत्तरी ओलांडलेली, घरात एकटी. पोचलो त्या संध्याकाळीच मी जाहीर केलं, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. आपल्या गाडीनं, एसी लावून."

"डॉक्टरकडे जाऊ, पण एसटीनं. उद्या आपल्या घराची पाळी हाय," आई म्हणाली.

पाळी कसली, तर एसटीत बसायची. घरोघरी मोटरसायकली झाल्या, दोन-तीन दारांत चारचाकी आल्या, आणि सकाळच्या एसटीत माणूस दिसेनासा झाला. असंच चाललं तर फेरी बंद होईल, असं गावाच्या कानावर आलं होतं. मग बैठक बसली. मे महिनाभर रोज पाच घरांनी एकेक माणूस एसटीत बसवायचा, काम असो वा नसो. मोटरसायकल असेल त्यानंही ती घरी ठेवायची.

मला हसूच आलं. दारात कोरी गाडी, टाकी काठोकाठ भरलेली, आणि मातोश्री निघाल्या एसटी जगवायला! मी बराच वाद घातला. ती कोकमांसाठी रातांबे फोडत बसली होती, हात थांबले नाहीत.

"तुजी गाडी आठ दिवसांची," ती म्हणाली. "तू गेलास की मी कशात बसू?"

मी चिडलो की पोरकट वागतो. सकाळी ती एसटीत चढली आणि मी माझी गाडी काढून मागे लागलो. रस्ता अरुंद, पुढे काढायची सोय नाही. एसटी थांबली की मी थांबायचं, ती निघाली की मी निघायचं. एसीत गार होऊन एकटाच बसलेलो. आरे-वारेच्या वळणावर पर्यटकांनी भर रस्त्यात मोटारी लावून समुद्राचे फोटो काढायचं चालवलं होतं. त्यांच्या नंबरप्लेटी वाचून मी मनसोक्त शिव्या घातल्या. माझीही मुंबईचीच होती, हे जरा उशिरा आठवलं.

कंडक्टरबाई खाली उतरल्या, एका मोटारीला मागे घ्यायला लावलं आणि माझ्या काचेवर टकटक केलं.

"दादा, काकींचे चिरंजीव ना तुम्ही? पुढे सीटा रिकाम्या आणि तुम्ही मागनं एकटेच येताय. शोभतं काय हे?"

शोभत नव्हतंच. "उद्या येतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पाळी नसताना एसटीत बसलो. आई थांब्यापर्यंत आली आणि तिथूनच घरी परतली. तिकिटं फाडून झाल्यावर, म्हणजे यंत्रातून काढून झाल्यावर, बाई माझ्या शेजारी टेकल्या.

"काकी आता बऱ्या दिसतात. गेल्या पावसाळ्यात भातलावणीच्या दिवसांत आमचा जीव टांगणीला लागला होता."

"का? काय झालं होतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला माहीतच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी सांगितलं. आई कुठे जायची नसली तरी रोज थांब्यावर येते आणि बाईंना अबोलीचा गजरा देते. त्या आठवड्यात लागोपाठ दोन दिवस ती आली नाही. अख्खं गाव पहाटेपासून शेतात, शेजारचं घर कुलूपबंद. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून बघितला, आणि शेवटी बाई उतारूंना थांबायला सांगून पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून घरी गेल्या. आई तापानं फणफणलेली, उठायची ताकद नव्हती. चौघांनी तिला खुर्चीत बसवून खाली आणलं, आणि एसटी थेट दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली. एकाही उतारूनं कुरकुर केली नाही.

मला ते दिवस आठवत होते. फोन लागत नव्हता. पावसाळ्यात आमच्याकडे तो लागतच नाही, म्हणून मी निश्चिंत होतो.

घरी आल्या आल्या आईवर ओरडलो. "मला कळवलं का नाहीस?"

"कळवून काय? तू रजा टाकून एवढ्या पावसातनं धडपडत आला असतास," ती म्हणाली. "माजी गाडी खाली उभी होती."

मला लाज वाटली. रागही आला, पण तो माझाच मला. उरलेल्या सुट्टीत मी रोज सकाळी एसटीत बसलो. रत्नागिरीत उतरून चहा घ्यायचा आणि मिळेल त्या वडापच्या जीपनं परत यायचं. आईला वाटलं मुलगा वेडा झाला. कंडक्टरबाईंना तसं वाटलं नाही.

फेरी तूर्त चालू आहे. पुढचं पुढे बघू, असं गावात म्हणतात. मी मुंबईत असतो, माझी गाडीही माझ्याबरोबर. सकाळी आठला कुठेही असलो तरी क्षणभर थांबतो. एसटी आता थांब्यावर आली असेल, बाईंनी दारातून वाकून आईला बघितलं असेल. तिला रोज बघणारं माणूस मी नाही, त्या आहेत. एवढं मनाशी म्हणतो आणि कामाला लागतो.